नाव बदललं, पण माणूस तोच

ताई,

आमची शाळा लहान आहे. सगळे मिळून दीडशेच्या आसपास विद्यार्थी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. मी नववीत आहे. शाळेचा अंक वर्षातून दोनदा निघतो आणि यंदा त्याची विद्यार्थी संपादक मी आहे. मागच्या अंकात मी 'ओळखा पाहू' असं सदर लिहिलं. वर्गातल्या बाराजणांवर बारा चारोळ्या, नाव कुणाचंच नाही. सगळे पोट धरून हसले. एकजण हसला नाही. त्याच्या रोज उशिरा येण्यावर मी लिहिलं होतं. आता तो दारात आला की मागच्या बाकावरची मुलं माझी चारोळी म्हणतात. नंतर वर्गशिक्षिकांनी मला बाजूला घेऊन त्याच्या उशिराचं कारण सांगितलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. अंकातली सगळी चित्रं तोच काढायचा. आता विचारलं तर 'वेळ नाही' म्हणतो आणि शाळा सुटली की एक मिनिट थांबत नाही.

दुसरी गोष्ट. सरांनी (आमच्या मुख्याध्यापकांनी) सांगितलंय की यापुढे अंकातला प्रत्येक शब्द ते बघणार. पुढच्या अंकासाठी मी वाचनालय बंद असतं यावर लेख दिला होता. तो त्यांनी काढून टाकला. 'झालं तेवढं पुरे' म्हणाले. चारोळीची चूक माझी आहे, मान्य. पण त्याचा आणि वाचनालयाचा काय संबंध?

मी त्याची माफी अंकात छापू का? संपादकपद सोडू का? आणि लेखाचं काय करू?

– एक संपादक (बहुधा माजी)

प्रिय संपादक,

'बहुधा माजी' हे शब्द मी वाचलेच नाहीत असं समज.

आधी माझ्याकडची एक कबुली. तुझं पत्र वर छापलंय ते जसंच्या तसं नाही. काही तपशील मी बदलले आहेत, काही गाळले आहेत. कोणते, ते सांगणार नाही. उशिराचं कारण तू मला लिहिलं होतंस, ते इथे येणार नाही. हे सगळं छापायच्या आधी तुला वाचायला पाठवलं, तू एक वाक्य काढायला सांगितलंस, ते काढलं. एवढ्यासाठी हे उत्तर एक आठवडा उशिरा येतंय. त्यानं कुणाचं काही बिघडलेलं नाही.

सोबत पाठवलेली चारोळीही मी इथे देत नाही. ती चांगली जमली आहे, म्हणूनच देत नाही. यमक चोख आहे आणि चाल अशी की एकदा कानावर पडली की जिभेवर बसते. ढिसाळ लिहिली असतीस तर आठवड्याभरात सगळे विसरले असते. मुलं ती म्हणतात, कारण ती म्हणण्यासारखी आहे. तुला लिहिता येतं ही या प्रकरणातली चांगली बातमी, आणि वाईट बातमीही तीच.

मीही तेव्हा नववीतच होते. आमच्या शाळेचं हस्तलिखित निघायचं. प्रत एकच. फुलस्केप कागदांवर चांगल्या अक्षराच्या दोन-तीन मुलींनी उतरवलेली, पोस्टर कलरनं रंगवलेलं मुखपृष्ठ, दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवलेली. त्यात मी 'आमचा शब्दकोश' लिहिला. प्रत्येक अक्षराला वर्गातली एक गंमत. 'स'ला मी स्वेटर घेतलं. बारा महिने तेच स्वेटर घालून येणारी एक मुलगी आमच्या वर्गात होती. नाव अर्थातच लिहिलं नव्हतं. अंक शिवून झाल्यावर बाईंच्या ते लक्षात आलं. अख्खं पान पुन्हा उतरवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी त्या चार ओळींवर पांढऱ्या कागदाची पट्टी डिंकानं चिकटवून घेतली. झालं! तोवर जे पान कुणी धड वाचलंही नव्हतं, ते आता जो तो खिडकीशी नेऊन उजेडात धरायला लागला. पट्टीखालची अक्षरं उजेडात स्वच्छ दिसायची.

एका दुपारी ती मुलगीच खिडकीशी उभी होती. पान दोन्ही हातांनी धरलेलं, अंगात तेच स्वेटर. तिनं वाचलं, अंक मिटला, टेबलावर जागच्या जागी नेऊन ठेवला आणि त्याचे कोपरे टेबलाच्या कडेशी जुळवले. मी तिच्याशी त्याबद्दल काही बोलले नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, मग शाळाच संपली. तेव्हा तुला सल्ला देणारी बाई ही अशी आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

तू लिहितेस, 'नाव कुणाचंच नाही'. तीन हजार मुलांच्या शाळेत 'रोज उशिरा येणारा' असं लिहिलं तर पन्नासजण एकमेकांकडे बोट दाखवतील. तुमच्या वर्गात तो एकच आहे. लहान शाळेच्या अंकाचं दुखणं हेच. जे वाचणार, त्यांच्यावरच लिहिलेलं असतं, आणि जिनं लिहिलं ती दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारच्या बाकावर बसणार असते. वर्तमानपत्रातल्या माणसाला बातमी देऊन आपल्या घरी जाता येतं. तुला तीही सोय नाही.

यात आणखी एक पेच आहे. भाषेचे शिक्षक तुला सांगत आले असतील की मोघम लिहू नकोस, 'एक मुलगा' म्हणू नकोस, त्याची चाल लिही, दप्तराचा तुटलेला पट्टा लिही. बरोबरच सांगतात. पण माणूस ओळखू येतो तो त्या पट्ट्यावरूनच. नाव काढून पट्टा ठेवलास तर काहीच झाकलं जात नाही. पट्टाही काढलास तर लिहिण्यात राम उरत नाही. यातून सुटायचा मला तरी एकच रस्ता माहीत आहे. ज्याचा पट्टा आहे त्याला आधी दाखवायचं आणि तो नको म्हणाला तर कितीही जमलेलं असलं तरी फाडायचं. यात हळहळ वाटते, हे कबूल.

यावर एक खटलाच झालेला आहे. तुझ्या पत्रातल्या दोन्ही गोष्टी, माणूस ओळखू येणं आणि मुख्याध्यापकांची कात्री, त्यात एकत्र आल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. अमेरिकेत मिसुरी राज्यात, सेंट लुइस शहराजवळ, हेझलवूड ईस्ट नावाचं हायस्कूल आहे. तिथल्या पत्रकारितेच्या वर्गातली मुलं 'स्पेक्ट्रम' नावाचं वर्तमानपत्र काढायची. मे १९८३च्या अंकासाठी दोन लेख तयार होते. एक शाळेतल्या तीन मुलींच्या गरोदरपणाच्या अनुभवावर, दुसरा आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर काय परिणाम होतो यावर. छपाईआधी पानं मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी ते लेख असलेली दोन पानंच काढून टाकली, म्हणजे त्याच पानांवरचा बाकीचा निरुपद्रवी मजकूरही गेला. मुलांना कळलं ते छापलेला अंक हातात आल्यावर. तीन विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १३ जानेवारी १९८८ रोजी ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल शाळेच्या बाजूनं लागला.

निकाल मला फारसा पटत नाही. शिक्षणाशी जोडलेलं रास्त कारण दाखवता आलं की शाळेच्या नावानं निघणाऱ्या अंकातला मजकूर शाळेला रोखता येतो, असा त्याचा साधारण अर्थ. आणि 'शैक्षणिक कारण' ही पोतडी एवढी मोठी आहे की तीत काहीही मावतं. (त्याच न्यायालयानं १९६९ साली, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळ्या फिती बांधून शाळेत आलेल्या मुलांची बाजू घेतली होती.) हेझलवूडच्या निकालानंतर तिथल्या बऱ्याच राज्यांनी विद्यार्थी पत्रकारांना जास्त मोकळीक देणारे आपापले कायदे केले, ते उगाच नाही.

पण निकाल क्षणभर बाजूला ठेव आणि त्या मुख्याध्यापकांच्या शंका बघ. तिन्ही मुलींची नावं बदललेली होती, तरी मजकुरावरून त्या ओळखू येतील असं त्यांचं म्हणणं होतं. घटस्फोटाच्या लेखात एका मुलीनं वडिलांबद्दल तक्रार केली होती आणि वडिलांना त्यांची बाजू विचारलेलीच नव्हती. या दोन्ही शंका खऱ्या संपादकाच्या आहेत. त्या विचारल्या ते बरंच झालं. मात्र त्यावर त्यांनी जो उपाय केला तो मला आमच्या बाईंच्या डिंकाच्या पट्टीसारखाच वाटतो. मुलांना बोलावून चार ओळी बदलायला सांगितल्या असत्या तर कदाचित तेवढ्यावर भागलं असतं. पानं गेली आणि प्रकरण देशभर गाजलं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं तेरावं कलम सरांशी बोलायला जाण्याआधी वाचून ठेव. छोटंसं आहे. मुलांना आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे, तोंडी, लेखी, छापून, चित्रातून, असं ते सांगतं. लगेच पुढे मर्यादा येतात आणि त्यात पहिली मर्यादा इतरांच्या हक्कांची आणि प्रतिष्ठेची आहे. वाचनालयावरचा लेख पहिल्या भागात बसतो. चारोळी दुसऱ्या भागात अडकते. सरांनी सध्या दोन्ही एकाच पिशवीत टाकून तोंड बांधलंय. ते वेगळे कर, एवढंच तुला त्यांना पटवायचं आहे.

मात्र ते पटवण्याआधी तुझा लेख सुधारायला हवा. तोही तू पाठवला आहेस आणि मी तो लाल पेन घेऊन वाचला. पहिलंच वाक्य, 'आपलं वाचनालय कायम बंद असतं.' कायम म्हणजे? रोज? आठवड्यातून किती वेळ? खाली तिसऱ्या परिच्छेदात, 'ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांना बहुधा पुस्तकांची आवड नसावी.' अगं, लहान शाळेत जबाबदारी असलेले 'ते' किती असतात? एक! हे पुन्हा 'ओळखा पाहू'च झालं, फक्त या वेळी यमकाशिवाय. सरांनी लेख काढला तो चारोळीच्या रागानं काढला असं तुला वाटतंय. मला वाटतं त्यांनी ते वाक्य वाचलं असावं.

तर असं कर. तीन आठवडे वहीत नोंद ठेव. रोज दोन वेळा ठरव, समज मधली सुट्टी आणि शेवटच्या तासानंतर. दार उघडं होतं की बंद, एवढंच तारखेसह लिहायचं. 'कायम'च्या जागी 'शाळा भरलेल्या पंधरा दिवसांपैकी अमुक दिवस' असं आलं की त्या वाक्याशी कुणाला भांडता येत नाही. मग ज्यांच्याकडे किल्ली आहे त्या शिक्षकांकडे जा. लहान शाळेत एकेका शिक्षकाच्या गळ्यात चार-चार कामं असतात. वर्गाचे तास असतात, वेळापत्रक असतं, परीक्षेचे कागद असतात आणि वर वाचनालय. त्यांना विचार की ते उघडायला त्यांच्याकडे दिवसात कोणता वेळ उरतो, पुस्तकं देण्या-घेण्याची नोंद कोण ठेवतं, मुलांची मदत चालेल का. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिही आणि त्यांचं म्हणून जे छापणार तेवढा भाग त्यांना वाचून दाखव. कदाचित लेखाचा शेवटच बदलेल. कदाचित बदलणार नाही, त्यांनी उडवून लावलं तर 'उत्तर मिळालं नाही' एवढं शांतपणे लिही आणि विशेषणं घरी ठेव.

इथे एक फरक मनात पक्का असू दे. त्या मुलाच्या उशिराबद्दल लिहायला त्याची परवानगी लागते, कारण ते त्याचं खासगी आयुष्य आहे. वाचनालयाच्या वेळांबद्दल लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. ती सगळ्यांची बाब आहे. तिथं फक्त विचारपूस लागते. संपूर्ण लेख त्या शिक्षकांच्या हातात देऊन 'चालेल का?' असं विचारू नकोस.

नवा लेख आणि नोंदीची वही घेऊन सरांकडे जा. एकटी नको, अंकाचं काम बघणाऱ्या शिक्षकांना बरोबर घे. सरांच्या हातात लेखाबरोबर अर्धं पान आणखी दे. त्यात हे लिहिलेलं असावं: कुणाच्या घरच्या, शरीराच्या, आजाराच्या किंवा पैशाच्या गोष्टीवर त्याच्या होकाराशिवाय काही छापणार नाही. मजकूर सरांना कधी देणार आणि त्यांनी किती दिवसांत परत द्यायचा. काही काढायचं असेल तर कारण समासात लिहायचं, आणि एका ओळीनं भागत असेल तर पान काढायचं नाही. हे शेवटचं बोलताना हेझलवूडचं नाव काढायची गरज नाही. मुख्याध्यापकांना खटल्याच्या गोष्टी सहसा आवडत नाहीत.

तरीही नाही म्हणाले तर? म्हणू शकतात. शाळेच्या नावानं निघणाऱ्या अंकावर त्यांचं नियंत्रण आहे आणि चार महिन्यांपूर्वी तूच त्यांना धास्तावण्याचं कारण दिलंयस. तसं झालं तर लेख मागच्या दारानं मुलांच्या मोबाइलवर फिरवू नकोस. नोंदीची वही एका साध्या अर्जाला जोडून दे. वाचनालय लेखाशिवाय उघडलं तरी ते उघडलंच. आणि पुढच्या अंकाच्या वेळी पुन्हा विचार. चिवटपणाला वेळ लागतो, पण नववीत असल्यामुळे तुझ्याकडे अजून वर्षभर आहे.

आता थोडं कागदाचं बोलू. शाळेनंतर काही वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासत होते, त्यामुळे हा माझा आवडता विषय आहे. वर्षातून दोनदा निघणारा जाडजूड अंक तुमच्यासारख्या शाळेला सोसत नाही. सहा महिन्यांनी एकदा निघायचं म्हणून त्यात सगळं कोंबलं जातं, पानं भरायला 'ओळखा पाहू' लागतं, आणि चूक झाली तर दुरुस्ती छापायला पुढचे सहा महिने थांबावं लागतं. त्यापेक्षा सोळा पानांचा लहान अंक दर दीड-दोन महिन्यांनी काढा. ए-४चा कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात, म्हणून असल्या पुस्तिकेची पानं नेहमी चारच्या पटीत ठेवायची. सोळा पानांना चार कागद लागतात. एकात एक घालून मधल्या घडीवर दोन पिना मारल्या की अंक तयार. दोन मुलांत एक या हिशेबानं ७५ प्रती काढल्या तर कागद लागतात ३००. पाचशे कागदांचं एक रीम पुरून उरतं.

पानं लावताना गोंधळ होतो, त्यावर एक युक्ती. आधी कोऱ्या कागदांची डमी बनव, तिच्यावर पेन्सिलीनं १ ते १६ आकडे टाक, मग पिना काढून कागद सुटे करून बघ. एकाच बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज दर वेळी १७ येते. १६ आणि १, २ आणि १५, १४ आणि ३. ही बेरीज चुकली की कुठंतरी पान उलटं लागलंय. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा होणारा आनंद चारोळीच्या आनंदापेक्षा कमी नसतो, हे तू करून बघशील तेव्हा कळेल.

शिवाय एक भित्तिपत्रक सुरू करा. अर्धवट कविता, प्रश्न, शोधाच्या गोष्टी, वाद घालण्याजोगं काही, ते आधी तिथं लागू दे. भिंतीवरचा कागद टोचला तर त्याच दिवशी काढता येतो, आणि त्याची फाइल कुणाच्या मोबाइलमध्ये नसते. मागच्या अंकाची पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर गेली आहे, असं तू लिहिलंयस. ते पान वगळलेली नवी फाइल शिक्षकांकडून तिथं टाकून घे. 'जुनी काढून टाका' असा गाजावाजा मात्र करू नकोस. आमच्या खिडकीशी लागलेली रांग आठव.

अंकासाठी मजकुराची निवड कशी करायची, यासाठी मला फ्रान्समधले सेलेस्तँ फ्रेने आठवतात. १९२०च्या दशकात ते एका खेड्यातल्या छोट्या शाळेत शिकवत होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, त्यामुळे तासन्‌तास बोलत शिकवणं त्यांना झेपत नसे. त्यांनी वर्गात हातानं चालवायचं लहानसं छपाईयंत्र आणलं. मुलं आपापलं लिहायची, ते वर्गापुढे वाचून दाखवायची, कोणतं छापायचं ते मुलंच मतानं ठरवायची, सगळी मिळून दुरुस्त करायची, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची आणि छापलेलं दुसऱ्या शाळांना पाठवायची. यातली मला आवडते ती मधली पायरी, वर्गापुढे वाचून दाखवण्याची. तुझी चारोळी छपाईला जाण्याआधी तुला वर्गात, त्याच्याकडे बघत, मोठ्यानं वाचावी लागली असती तर? मला वाटतं दुसऱ्या ओळीला तुझा आवाज अडखळला असता. तेव्हा हा नियमच कर: ज्याच्यावर लिहिलंय त्याच्यासमोर जे वाचवत नाही ते अंकात नाही.

पद सोडायचं नाही. 'ओळखा पाहू' बंद करायचं, पण अंक सोडायचा नाही. तू सोडलंस तर पुढच्या संपादकाला हे सगळं मुळापासून शिकावं लागेल, आणि ती कुणाच्या तरी जिवावर शिकेल.

तुझा पहिला प्रश्न शेवटी घेतेय, पण करायचं ते सगळ्यात आधी.

माफी अंकात छापू नकोस. नावानिशी छापलीस तर ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळेल. नाव न घालता छापलीस तर पुन्हा 'ओळखा पाहू'. माफी तोंडी, त्याच्या एकट्यापाशी. त्यात 'मला माहीत नव्हतं' असं म्हणू नकोस. ते खरं असलं तरी त्याचा अर्थ असा होतो की कारण किरकोळ असतं तर चाललं असतं. वर्गशिक्षिकांनी सांगितलेलं कारण तुला ठाऊक आहे हेही दाखवू नकोस. ते त्यानं तुला सांगितलेलं नाही. कधी सांगावंसं वाटलं तर सांगेल. 'मी ते लिहायला नको होतं. मुलं ते म्हणतात तेही माझ्यामुळे, ते मी थांबवते.' एवढंच बोल. तो गप्प राहिला तर गप्प राहू दे.

आणि ते खरंच थांबव. कोण सुरू करतं हे तुला माहीत असणार. असे दोघे-तिघेच असतात. त्यांना वेगवेगळं गाठ आणि सांग, चारोळी माझी आहे, मी ती परत घेतलीय, पुन्हा म्हणायची नाही. भर वर्गात भाषण नको.

चित्रांचं मात्र विचारू नकोस. माफीच्या पाठोपाठ 'पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ काढशील?' आलं की माफीचा रंगच बदलतो. मुखपृष्ठ या वेळी कोरं जाऊ दे, नुसती अक्षरं असू देत. आणि जी चूक मी तुझ्या जागी हमखास केली असती ती करू नकोस: त्याच्यावर एक हृद्य लेख लिहायचा, 'आमच्या वर्गातला खरा हिरो' वगैरे. त्यानं ना चारोळी मागितली होती ना आरती.

शाळा सुटल्यावर तो थांबत नाही, असं तू लिहितेस. मग थांबवू नकोस. त्याच्या चालीनं त्याच्याबरोबर फाटकापर्यंत चाल. तेवढ्या अंतरात दोन वाक्यं बसतात.